मोटारीचा ब्रेक मऊ लागू लागला म्हणजे

गेल्या श्रावणात आम्ही खंडव्याहून परत येत होतो. गाडीत आई, वहिनी आणि दोन मुले होती. असीरगड मागे पडून उतार लागला. धाकटे बंधू गाडी चालवीत होते. तिसऱ्या-चौथ्या वळणावर त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला, तो पेडल लोण्यात बोट जावे तसे खाली गेले. भराभर दोन-तीन वेळा दाबल्यावर थोडा जोर आला. त्यांनी गिअर खाली घेतला, हातब्रेक बेताबेताने ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगास उभी केली. अर्ध्या-पाऊण तासाने पाहतो, तर पेडल पूर्ववत घट्ट! “दादा, आता काही नाही, मिस्त्रीकडे उगाच कशाला खोटी व्हायचे?” असे ते म्हणाले. त्यांचे हे म्हणणेच प्रस्तुत लेखाचे निमित्त होय. कारण दोष केवळ निवला होता, नाहीसा झाला नव्हता.

पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो तो ब्रेक ऑइलच्या द्वारे. द्रव पदार्थ दाबला तरी आकुंचन पावत नाही व दाब सर्व बाजूंस सारखा पोहोचवितो, हे तत्त्व सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच पंडिताने मांडले; त्यावर आधारलेल्या मोटारीच्या ब्रेकचे पेटंट १९१७ साली अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी घेतले. पेडल दाबताच मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ऑइल पुढे लोटतो, आणि ते बारीक नळ्यांतून जाऊन चाकाशी पॅड अथवा शू दाबते. हवा मात्र दाबली की आकसते. नळीत हवेचा एखादा बुडबुडा राहिला तरी पायाचा जोर त्यालाच दाबण्यात खर्ची पडतो. आपल्या गावच्या, १६१५ च्या सुमारास खोदलेल्या कुंडी भंडाऱ्यात कुंड्यांच्या तोंडांतून वारा आत गेला तरी पाण्याचे काही अडत नाही. ब्रेकच्या नळीस तेवढी मोकळीक परवडत नाही.

आता आमच्या गाडीत हवा शिरली कोठून? ती बाहेरून आलीच नव्हती. नेहमीचे ब्रेक ऑइल दमट हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ जातीचे कोरे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० व १५५ आहेत. उतारावर सारखा ब्रेक दाबीत आल्याने चाके तापली, चार पावसाळे पाहिलेले आमचे ऑइल उकळले आणि नळीत वाफ झाली. गाडी थंड होताच वाफ पुन्हा द्रवरूप झाली व पेडल घट्ट झाले. हा दोष फसवा आहे तो येथेच. सकाळी दुकानापुढे पेडल दाबून पाहणाऱ्यास तो कधीही सापडावयाचा नाही.

पेडल ‘मऊ’ आहे एवढे सांगून मात्र निदान होत नाही. ते स्पंजासारखे दबत असून वारंवार दाबल्यास वर येत असेल, तर हवेचा संशय घ्यावा. दबाव स्थिर ठेवला असता पेडल हळूहळू तळास जात असेल, तर कोठेतरी गळती आहे. अशा वेळी चारही चाकांच्या आतील बाजू, नळ्यांचे सांधे व रबरी होज पाहावेत. बाहेर थेंबही नसेल आणि भांड्यातील ऑइलही कमी झाले नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर झिजून ऑइल आतल्या आत मागे फिरत असण्याचा संभव फार. ज्यांनी जुनी अँबॅसडर अद्याप जपली आहे त्यांना तिसरा प्रकार परिचित असेल: पहिल्या दाबात पेडल खोल जाते, दुसऱ्यात वर व घट्ट लागते. तेथे बहुधा शू व ड्रम यांतील अंतर वाढलेले असते आणि ते जुळवून घेतले की काम भागते. इंजिन चालू होताच पेडल किंचित खाली जाणे, हा मात्र व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या गाड्यांचा स्वभावच आहे. तो दोष समजू नये.

हवा काढण्याचे काम दोघांचे आहे. एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने चाकावरील निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवावे, निपल पाव फेरा सैल करावे व बुडबुडे निघताच आवळावे. निपल आवळल्याशिवाय पाय उचलावयाचा नाही. उचलल्यास तीच हवा परत आत ओढली जाते. भांड्यातील ऑइल मध्येच संपू देऊ नये, नाहीतर सर्व श्रम पाण्यात. कोणते चाक आधी घ्यावे हे गाडीच्या पुस्तकात पाहावे; बहुधा सर्वांत दूरचे मागील चाक प्रथम येते. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे दट्ट्या सिलिंडरच्या गंजलेल्या भागावर घासून चांगले वॉशर फाटणार नाही. एबीएस असलेल्या कित्येक गाड्यांना यासाठी संगणकयंत्र जोडावे लागते. तेथे घरगुती खटाटोप करू नये.

नवे ऑइल बंद डब्यातीलच घ्यावे. उघडून वर्षभर फळीवर राहिलेला अर्धा डबा वापरणे ही खोटी काटकसर होय. आणि इंजिन ऑइल तर चुकूनही घालू नये, सर्व रबर फुगून नासते. आमच्याच गाडीत वर्षापूर्वी एका गॅरेजने भांडे नुसते वरून भरून दिले होते व आम्ही त्यावर समाधान मानले होते!

बंधूंचे न ऐकता आम्ही पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी, गाडी खाली आणली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चारही चाकांतून जुने ऑइल काढले. ते चहासारखे काळपट निघाले. नवे भरल्यावर त्यांनी गाडी आधी अंगणातच धीम्या गतीने चार वेळा थांबवून पाहिली, आणि मगच किल्ली बंधूंच्या हाती दिली.