नाव तेच, माणूस वेगळा

जुलै महिन्यात आमच्या चिंचोटी भागात हजेरी घेणे म्हणजे घशाची परीक्षाच. बाहेर धो धो पाऊस, महामार्गावर ट्रकांचे हॉर्न आणि वर्गात साठ मुले. अशाच एका सकाळी सहावीच्या वर्गात मी एक नाव पुकारले. मुलगा समोर बसलेला, पण उत्तर नाही. पुन्हा पुकारले. तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी जाड आवाज काढून एक संवाद फेकला आणि सारा वर्ग हसला. ज्याचे नाव पुकारले होते, तो मान खाली घालून दप्तराचा बंद गुंडाळत राहिला.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. सुट्टीत मुलांनी मोबाइलवर एक मालिका पाहिली होती. तिच्यातल्या बॉम्ब ठेवणाऱ्या खलनायकाचे नाव आणि आडनाव नेमके या मुलाचेच होते. मालिका लिहिणाऱ्याने आमच्या मुलाला कधी पाहिलेले नाही आणि मुलाच्या घरच्यांनी त्या लेखकाचे नावही ऐकलेले नाही. निव्वळ योगायोग, पण त्याचा भार अकरा वर्षांच्या पोरावर पडला होता. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. ते पुन्हा कुठल्या छापील गोष्टीला चिकटायला नको.

चार दिवसांनी त्याची अम्मी शाळेत आली. वडील वालिवला एका गाळ्यात कामाला. बाईंनी बसायच्या आधीच विचारले, "टीचर, शाळेत नाव बदलून मिळतं का? पोरगं म्हणतंय, ह्या नावानं मी शाळेत जाणार नाही."

मी म्हणाले, "नाव कोणी ठेवलं होतं?"

"त्याच्या दादांनी. अकीक्याच्या दिवशी. आता ते नाहीत."

नाव बदलता येते, हे मी त्यांना सांगितले. प्रतिज्ञापत्र करायचे, राजपत्रात जाहीर करायचे, मग जन्मदाखला, आधार आणि शाळेचे जनरल रजिस्टर, सगळीकडे दुरुस्ती करून घ्यायची. एक जरी कागद जुन्या नावाचा राहिला तर पुढे दाखल्याच्या वेळी त्रास. कागदपत्रांतल्या एका वेलांटीसाठी किती खेटे घालावे लागतात, ते आपल्या घरांत कोणाला सांगायला नको. पण मला खरी अडचण कागदांची वाटत नव्हती. मी म्हणाले, "मला एक महिना द्या. मग ठरवू."

त्या महिन्यात मी या विषयावर बराच विचार केला, काही शोधले. ते वाचकांपुढे ठेवते आहे.

आधी हे लक्षात घ्यायला हवे की असे योगायोग होणारच. लेखक पात्राला नाव देतो तेव्हा ते खरे वाटावे म्हणून नेहमीच्या वापरातले निवडतो. जितके नाव साधे, तितकी त्या नावाची खरी माणसे जास्त. सईद अख्तर मिर्झा यांचा 'मोहन जोशी हाजिर हो!' हा चित्रपट १९८४ साली आला. मोडकळीला आलेल्या चाळीच्या दुरुस्तीसाठी घरमालकाविरुद्ध कोर्टात जाणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याची ती कथा. 'तमस'चे लेखक भीष्म साहनी यांनी त्यात मोहन जोशींचे काम केले आणि दीना पाठक त्यांच्या पत्नी झाल्या. मिर्झांना मुंबईतला कोणीही साधा माणूस हवा होता, म्हणून त्यांनी साधे नाव घेतले. पण मोहन जोशी नावाचे एक जितेजागते नट मराठी रंगभूमीवर आहेत! पुढे हिंदी पडद्यावर ते खलनायक म्हणून गाजले आणि अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे अध्यक्षही झाले. चित्रपटाच्या नावामुळे कोणी त्यांना कोर्टात 'हाजिर' केले नाही. लोकांना फार तर गंमत वाटली.

गंमत इथे संपत नाही. याच मोहन जोशींनी २००३ साली प्रकाश झा यांच्या 'गंगाजल' चित्रपटात एका गुंड पुढाऱ्याचे काम केले. त्या पात्राचे नाव साधू यादव. बिहारमध्ये तेव्हा याच नावाचे एक नेते होते, लालूप्रसाद यादव यांचे मेहुणे. चित्रपट आला आणि पाटण्यात समर्थकांनी निदर्शने केली. आपल्या पात्राचा त्या नेत्यांशी काही संबंध नाही, अशी भूमिका झा यांनी मांडली. म्हणजे ज्या नटाचे स्वतःचे नाव एका काल्पनिक माणसाशी जुळले, त्याच नटाने साकारलेल्या पात्राचे नाव दुसऱ्या खऱ्या माणसाशी जुळले. एकदा हसू झाले, एकदा भांडण. फरक कशाने पडला? पहिले पात्र सज्जन होते आणि दुसरे दुर्जन.

'या कथेतील सर्व पात्रे काल्पनिक आहेत, साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा' ही ओळ आपण नेहमी वाचतो. पण कायद्याच्या दृष्टीने ती सगळ्या प्रकरणांत पुरी पडत नाही. इंग्लंडमधला एक खटला त्यासाठी प्रसिद्ध आहे. १९०८ साली 'संडे क्रॉनिकल' या पत्रात फ्रान्समधल्या दिएप गावच्या मोटारींच्या उत्सवावर एक खुसखुशीत लेख आला. त्यात आर्टेमस जोन्स नावाचा, पेकहॅम भागातल्या चर्चचा एक पदाधिकारी दाखवला होता. घरी सभ्य, पण तिकडे परस्त्रीबरोबर मजा मारणारा. पत्राचे म्हणणे, असा माणूसच नाही, नाव आम्ही बनवले. पण त्या नावाचे एक खरे बॅरिस्टर होते. ते पेकहॅममध्ये राहत नव्हते, चर्चचे पदाधिकारी नव्हते, आणि पूर्वी त्याच पत्रात लिहीत असत. त्यांच्या ओळखीच्यांनी कोर्टात येऊन सांगितले की लेख वाचून आम्हाला हेच गृहस्थ वाटले. ज्यूरीने त्यांना १,७५० पौंड भरपाई दिली आणि प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊनही तो निकाल टिकला. तात्पर्य असे की लिहिणाऱ्याच्या मनात काय होते एवढेच पाहून भागत नाही, वाचणाऱ्याने कोणाला ओळखले तेही पाहावे लागते.

माझ्या वर्गातल्या मुलाची तक्रार नेमकी हीच होती. त्याने मालिका लिहिणाऱ्याला दोष दिला नाही. त्याला सलत होते ते बाकावरचे हसू.

आणि इथे एक कडू गोष्ट बोलायला हवी. पडद्यावर एखादा गुंड मोहन किंवा प्रकाश असला, तर घरोघरच्या मोहन-प्रकाशकडे कोणी संशयाने पाहत नाही, कारण त्याच पडद्यावर त्या नावाचे डॉक्टर, शिक्षक, प्रेमळ बाप शेकड्यांनी असतात. आपली नावे मात्र पडद्यावर मोजक्याच कामांसाठी येतात. थोड्या जागेत जे बसवाल ते मोठे दिसते. म्हणून आपल्या मुलाला योगायोगाची किंमत जास्त मोजावी लागते. याला उपाय नाव लपवणे नाही. त्या नावाची आणखी माणसे मुलांसमोर आणणे, हाच आहे.

एक उदाहरण पाहा. ऑगस्ट २००७ मध्ये 'चक दे! इंडिया' आला. शाहरुख खानने केलेले पात्र कबीर खान. पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी हुकली म्हणून गद्दार ठरवलेला हॉकी कप्तान, जो पुढे महिला संघाचा प्रशिक्षक होऊन त्यांना विश्वविजेते बनवतो. नाव कथेतले. पण पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, अफगाणिस्तानच्या क्रिकेट संघाला नवे प्रशिक्षक मिळाले, त्यांचे नाव कबीर खान! हे पेशावरचे, पाकिस्तानकडून कसोटी खेळलेले डावखुरे वेगवान गोलंदाज. निर्वासितांच्या छावण्यांत क्रिकेट शिकलेल्या पोरांना घेऊन त्यांनी २००९ मध्ये एकदिवसीय सामन्यांचा दर्जा मिळवला आणि २०१० मध्ये संघ वेस्ट इंडीजला टी-ट्वेंटी विश्वचषकात उतरला. कोणी पटकथेत लिहिले असते तर आपण म्हणालो असतो, फारच फिल्मी आहे. तिसरे कबीर खान दिग्दर्शक. त्यांनी 'बजरंगी भाईजान' केला आणि १९८३ च्या विश्वचषकावरचा '८३'ही केला. एकच नाव. एकाला कथेत पाकिस्तानमुळे डाग लागला, एक स्वतः पाकिस्तानचा खेळाडू, आणि एकाने हिंदुस्थानच्या विजयाची गोष्ट सांगितली. आता नुसते नाव ऐकून यांतला कोणता कबीर खान, हे कोण सांगेल?

कधी काल्पनिक माणूस खऱ्याला झाकूनही टाकतो. वर्गात मी अकबर इलाहाबादी म्हटले की मुले टाळ्या वाजवून कव्वाली धरतात. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त ऋषी कपूरच्या पात्राचे ते नाव होते. तिथे तो योगायोग नव्हता, मुद्दाम केलेली गंमत होती. खरे अकबर इलाहाबादी, सय्यद अकबर हुसैन, १८४६ ते १९२१ या काळातले. नोकरीने न्यायाधीश आणि उर्दू विनोदी शायरीतले मोठे नाव. इंग्रजांच्या नोकरीत राहून इंग्रजी चालीरीतींना चिमटे काढणारा हा माणूस मुलांना माहीतच नाही. यात दोष चित्रपटाचा नाही. दुसऱ्या अकबरची ओळख करून देणे आमचे, शिक्षकांचे आणि आईवडिलांचे काम होते. ते आम्ही केले नाही.

आता आपल्या दीनकडे वळू. अल्लाहला सर्वांत प्रिय नावे अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान, असे हदीसमध्ये आले आहे. हुजूर सल्ल. यांच्या वालिदांचे नाव अब्दुल्लाह. पण मदीन्यातल्या मुनाफिकांचा म्होरक्याही अब्दुल्लाहच होता, अब्दुल्लाह बिन उबय. म्हणून मुसलमानांनी ते नाव टाकून दिले का? उलट सीरतच्या ग्रंथांत येते की याच माणसाच्या मुलाचे नाव हुबाब होते, ते बदलून हुजूर सल्ल. यांनी अब्दुल्लाह ठेवले. बापाचेच नाव, पण हा मुलगा सच्चा सहाबी ठरला. हजरत अली रजि. यांच्यावर वार करणाऱ्याचे नाव अब्दुर्रहमान बिन मुल्जिम. आजही आपण मुलांची नावे मोठ्या प्रेमाने अब्दुर्रहमान ठेवतो.

हुजूर सल्ल. यांनी काही नावे बदलली, हेही खरे. आसिया म्हणजे नाफरमान स्त्री, तिचे नाव जमीला ठेवले. हज्न म्हणजे खडबडीत, त्याला सहल म्हणजे सुलभ हे नाव सुचवले. पण ही नावे अर्थ वाईट म्हणून बदलली. त्या नावाचा दुसरा कोणी वाईट आहे, हे कारण नव्हते. नाव बदलावे की नाही याची याहून सोपी कसोटी मला सापडली नाही.

यात आपलीही एक चूक कबूल करते. आपणही नावे पडद्यावरून उचलतो. एखादी मालिका गाजली की दोन वर्षांनी बालवाडीत त्या नायकाच्या नावाची चार-चार मुले असतात. मालिकेतल्या नायकाचे नाव कौतुकाने ठेवायचे, तर खलनायकाच्या नावाने चिडवल्यावर रडायचे कशाला? नाव पडद्याचे नाही, हे आधी आपल्याला पटायला हवे.

मग मी वर्गाला एक उपक्रम दिला, 'माझ्या नावाची माणसे'. प्रत्येकाने आपल्या नावाची तीन माणसे शोधायची. एक इतिहासातला, एक आजचा आणि एक आपल्या गावातला किंवा नात्यातला. शिवाय नावाचा अर्थ लिहायचा. मुले घरी जाऊन नाना-नानींना विचारू लागली. एका मुलीला कळले की तिच्या नावाची बाई कामणला सुईण होती. एकाला त्याच्या नावाचा रिक्षावाला रोज शाळेसमोरच दिसत होता. साठ मुलांत एकाच नावाचे तिघे होते. त्यांनी भांडून शेवटी एकच यादी केली.

आमच्या त्या मुलाने वही सगळ्यांत उशिरा दिली. त्याच्या दादांनी हे नाव का ठेवले, ते त्याने अम्मीला पहिल्यांदाच विचारले होते. दादांचा एक मित्र होता, मुंबईच्या गोदीत त्यांच्याबरोबर हमाली करणारा. एकदा दादा आजारी पडले तेव्हा त्याने तीन महिने स्वतःच्या मजुरीतून यांचे घर चालवले आणि पैसे परत घेतले नाहीत. मुलाचे नाव त्या मित्राचे होते. वहीत खाली लिहिले होते, 'ते कसे दिसत होते माहीत नाही. फोटो नाही.'

मी ते पान त्याला विचारून वर्गात वाचून दाखवले. वर्ग गप्प होता. मागच्या बाकावरचा तो जाड आवाज त्यानंतर एकदोनदा पुन्हा आला, नाही असे नाही. मुले एका दिवसात सुधारत नसतात. पण आता तो मुलगा मान खाली घालत नाही. मागे वळून सांगतो, "तो दुसरा. मी गोदीवाल्याचा."

महिना उलटून गेला. नाव बदलण्याचा अर्ज न्यायला त्याची अम्मी अजून आलेली नाही.