फॉरमॅट मारण्याआधी

घरातला कॉम्प्युटर मधूनच बंद पडायला लागला की चहूकडून एकच सल्ला येतो: फॉरमॅट मार. शेजारी सांगतात, भाचा सांगतो, दुकानदार तर मशीन न बघता फोनवरच सांगतो. मला हा सल्ला मुळातच पटत नाही. फॉरमॅटमध्ये फोटो जातात, हिशेब जातात आणि मशीन का बंद पडत होतं याच्या नोंदीही जातात. पार्टच खराब असेल तर नव्या विंडोजवरही तेच रडगाणं.

आमच्याकडे येणारा रिपेअरवाला स्क्रू ड्रायव्हर काढण्याआधी चौकशी करतो. "काकू, निळा स्क्रीन येतो की एकदम काळोख?" निळा कधीच नाही. "मग नेमका कधी जातो?" लेक व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला लावते तेव्हा; माझं टायपिंग दिवसभर सुरळीत चालतं. एवढ्यावर त्याचा अर्धा अंदाज बांधून झाला होता. निळा स्क्रीन आला तर विंडोजला निदान कोड दाखवायला आणि डंप फाइल लिहायला सवड मिळालेली असते. तेवढीही सवड न देता मशीन जातं तेव्हा संशय आधी उष्णतेवर आणि विजेवर.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल खुणांची रांग होती: कर्नल-पॉवर, ४१. हे वाचून लोक घाबरतात. पण ही नोंद पुढच्या वेळी मशीन सुरू झाल्यावर पडते आणि मागच्या खेपेला नीट शटडाउन झालं नव्हतं, एवढंच सांगते. ते तर आम्हालाही माहीत होतं.

कॅबिनेट गॅलरीत नेऊन त्याने ब्लोअर मारला. पंखा मात्र बोटाने धरून ठेवला, कारण हवेच्या झोताने तो भलत्याच वेगाने फिरला तर बेअरिंग जातं. पुन्हा एक्स्पोर्ट लावलं. प्रोसेसर ६८ अंशांवर असतानाच मशीन गेलं. म्हणजे उष्णता सुटली. मग रॅम. सोनेरी पट्टी खोडरबराने घासायची ही आपल्याकडची जुनी रीत (श्रेय रबरापेक्षा काढून परत घट्ट बसवण्याचंच असावं, असा माझा संशय). रात्रभर मेमटेस्ट चालवला, एकही एरर नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, यावर तो अडून बसतो. सगळं एकदम केलं आणि मशीन चाललं, तर कशाने चाललं ते कळणार कसं?

शेवटी त्याने मल्टिमीटर काढला. एक टोक पिवळ्या वायरला, दुसरं काळीला. इथे १२ व्होल्ट हवेत, ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं. नुसतं चालू असताना ११.९ होते. एक्स्पोर्ट सुरू झालं तसा आकडा घसरत ११.२ वर आला आणि स्क्रीन काळा. "मीटरला दिसलं हे नशीब," तो म्हणाला. क्षणभराची घसरण मीटर पकडतच नाही. तेव्हा दुसरा चांगला एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लावून बघणं हाच मार्ग.

आमच्या एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारल्यावर आत दोन कॅपॅसिटर फुगलेले दिसले. त्यांच्या डोक्यावर मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात, आतला दाब वाढला तर तिथून वाट मिळावी म्हणून. त्यातलं रसायन उष्णतेने हळूहळू सुकतं आणि अंगावर भार आला की वीज सांभाळणं त्यांना जमत नाही. तो डबा घरी उघडायचा नाही, हे त्याने लेकीला बजावून सांगितलं. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा काही काळ राहू शकतो.

जुन्या डब्यावर ठळक छापलं होतं ४५० वॅट. त्याने खालचं बारीक लेबल वाचायला लावलं: १२ व्होल्टच्या रांगेत १८ अँपिअर. म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच रांगेवर जगतात. उरलेले वॅट इतर रांगांच्या नावावर कागदोपत्री जमा. नवा घेताना त्याने खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे पाहिलंही नाही. दुकानदाराकडून खोकं उघडून घेतलं, लेबल उजेडात धरलं आणि पहिले दोन डबे परत केले.