संगणकाला डिस्क दिसत नाही तेव्हा

आमच्या प्रयोगशाळेत एकदा सकाळी संगणक सुरू केला, तो दुसरी हार्ड डिस्क गायब! एका विद्यार्थ्याची वर्षभराची निरीक्षणे तिच्यात होती. 'डिस्क जळली' असे म्हणून सारे मोकळे झाले. पण दिवा लागला नाही तर आपण लगेच दिवा फेकतो का? आधी बटण, मग वायर पाहतो. येथेही तसेच करायचे.

पहिला प्रश्न : डिस्कला वीज मिळते का? साडेतीन इंची हार्ड डिस्कच्या मोटारीला १२ व्होल्ट व इलेक्ट्रॉनिक भागाला ५ व्होल्ट लागतात. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला किती? १२०! म्हणून डिस्कच्या कडेला अलगद बोट लावले की बारीक कंप जाणवतो. (एसएसडीत फिरणारा भागच नसतो, तेथे ही परीक्षा चालत नाही.) मात्र 'टक्‌ टक्‌' असा आवाज येत असेल, तर संगणक ताबडतोब बंद करा. आतील बिघाड वाढू शकतो.

दुसरा प्रश्न : निरोप पोचतो का? साटा डिस्कच्या माहितीच्या केबलला ७ संपर्क असतात. दोन माहिती नेण्यासाठी, दोन आणण्यासाठी व तीन भूसंपर्काचे. एक जरी सैल झाला, तरी संभाषण तुटू शकते. शिक्षकांसमोर संगणक बंद करून प्लग काढा आणि केबल घट्ट बसवा. तरीही डिस्क न दिसल्यास केबल बदला, मग जोडणीची जागा बदला. पण एका वेळी एकच गोष्ट बदला; नाहीतर दोष कशात होता हे कसे कळणार?

तिसरा प्रश्न : डिस्क नेमकी कोणाला दिसत नाही? संगणक सुरू होताना बायोसच्या यादीत ती दिसत असेल, तर बहुधा तारा ठीक आहेत. कदाचित विंडोजने तिला अक्षर दिले नसेल, किंवा तिच्यावरील विभागांचा तक्ता बिघडला असेल. अशा वेळी 'इनिशिअलाइझ' किंवा 'फॉरमॅट' करू का, असे विंडोज विचारते. डिस्क कोरी असेल तर खुशाल करा. जुनी असेल तर मुळीच नको! पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तरी पाने शिल्लक असतात. त्यांवर नवे लिहिले की ती गेलीच.

आमचा विद्यार्थी फॉरमॅट करायलाच निघाला होता. दोष निघाला सैल केबलचा! त्याच दिवशी त्याने सर्व निरीक्षणांची दुसरी प्रत काढली. तुमची काढली आहे ना?