एक पाया, पाच गाड्या

कोपर स्टेशनात एकाच फलाटावर कल्याणची लोकल लागते आणि टिटवाळ्याचीही. मोटारींच्या ‘प्लॅटफॉर्म’चंही तसंच : एकाच पायावर अनेक गाड्या. त्याचं हे एक उदाहरण.

▪ नाव : एमक्यूबी-ए०-इन. फोक्सवॅगन समूहाचा पाया, स्कोडाने भारतासाठी बेतलेला.

▪ कारखाना : चाकण, जि. पुणे.

▪ गाड्या : स्कोडा कुशाक, फोक्सवॅगन टायगुन (२०२१), स्कोडा स्लाविया, फोक्सवॅगन व्हर्टस (२०२२). चार मीटरच्या आतली स्कोडा कायलाक २०२४ मध्ये सादर झाली.

▪ सारखं काय : पाचही गाड्यांत १ लिटरचं तीन सिलिंडरी टर्बो पेट्रोल इंजिन. पहिल्या चौघींच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २,६५१ मिमी; कायलाकचं २,५६६.

▪ वेगळं काय : ग्रिल, दिवे, बंपर, डॅशबोर्ड आणि अर्थात बिल्ला.

▪ फायदा : इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचा विकासखर्च एकदाच, तो वाटला जातो साऱ्या गाड्यांवर.