धाप लागते तेव्हा रक्तात काय चाललेलं असतं?

सिंहगडाची आतकरवाडीकडची वाट चढताना एक टप्पा असा येतो की गप्पा आपोआप बंद पडतात. तोंड उघडं, पोटऱ्या भरून आलेल्या, कानांत ठोके ऐकू येतायत. नेमक्या त्या वेळी, कोविडच्या काळात घराघरांत आलेला तो ऑक्सिमीटर बोटाला लावून पाहा. हात क्षणभर स्थिर धरा. निरोगी माणसाच्या बोटावर आकडा बहुधा ९५ च्या वरच दिसेल. जीव कासावीस झालाय आणि धमन्यांतलं रक्त मात्र ऑक्सिजनने जवळजवळ काठोकाठ भरलेलं!

म्हणजे ही धाप रक्तात ऑक्सिजन संपला म्हणून लागत नाही. पाय हलू लागताच त्यांच्याकडून मेंदूला वर्दी जाते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू पाहतो, चढ अवघड झाला की रक्ताचं आम्लपणही वाढतं. मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र या सगळ्याची दखल घेतं आणि तूट पडण्याआधीच श्वास वाढवतं.

विश्रांतीत आपल्याला मिनिटाला पाव लिटरच्या आसपास ऑक्सिजन पुरतो. हृदय तेव्हा मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलतं, जोराच्या चढावर २० किंवा त्याहून जास्त. एरवी स्नायूंकडे त्यातला पाचवा हिस्सा जातो, आता चार हिस्से जातात. पण मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट. हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, मग ते राबणाऱ्या पोटरीतच तो सोडतं कसं? डेन्मार्कच्या क्रिस्टियन बोर यांनी १९०४ मध्ये याचं उत्तर शोधलं. जिथे कार्बन डायऑक्साइड जास्त, तिथे हिमोग्लोबिनची पकड सैल होते. आम्लपणा आणि उष्णता यांचाही तोच परिणाम. थोडक्यात, स्नायू जो कचरा बाहेर टाकतो तीच त्याची ऑक्सिजनची मागणी! कुणी हुकूम द्यावा लागत नाही. जो तंतू जास्त राबतो, त्याच्या दाराशी जास्त ऑक्सिजन उतरतो.

तिथून तो पेशीतल्या मायटोकाँड्रियात शिरतो. श्वासातून घेतलेला ऑक्सिजनच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, असं आपण धरून चालतो. तसं नाही. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी झेलायचं काम त्याचं, आणि ते करताना त्याचं पाणी होतं. मघाशी घेतलेल्या श्वासाचं अंगात पाणी झालंय!

या साऱ्याला मर्यादा आहेच. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल पाठीवर पिशवी बांधून स्वतः धावले आणि सोडलेला श्वास त्या पिशवीत गोळा करून मोजला. १९२३ च्या त्यांच्या निबंधात दिसतं, की मिनिटाला सुमारे ४ लिटरवर त्यांचा ऑक्सिजनचा वापर थांबला, वेग वाढवूनही पुढे सरकला नाही. बहुतेकांच्या बाबतीत ही मर्यादा फुप्फुसांपेक्षा हृदयाची असते. त्याला याहून जास्त रक्त ढकलता येत नाही.

त्यापुढे स्नायू ऑक्सिजनविना साखर फोडण्यावर जास्त भर देतात आणि लॅक्टेट साचू लागतं. थकव्याचं खापर वर्षानुवर्षं त्याच्यावर फुटलं, आणि हा मला त्याच्यावरचा अन्याय वाटतो. हृदय तेच लॅक्टेट इंधन म्हणून जाळतं. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात तेही त्याच्यामुळे नाही, तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. खरी अडचण तंतूच्या आत असते. तिथे फॉस्फेट साचतं, आकुंचनाची खूण देणारं कॅल्शियम पुरेसं सुटत नाही, आणि स्नायूचा जोर ओसरतो.

शिवाय मेंदू आहेच. तासभर जीव तोडून सायकल चालवणाऱ्यांना प्रयोगात कर्बोदक विरघळवलेल्या पाण्याने चूळ भरून ते थुंकायला सांगितलं. पाणी पोटात गेलंच नाही, तरी साध्या पाण्याच्या वेळेपेक्षा त्यांनी ठरलेलं काम लवकर पुरं केलं. स्नायूंना नवं इंधन मिळालं नव्हतं. तोंडातून निघालेली वर्दी फक्त मेंदूपर्यंत पोचली होती.