एक जनुक, दोन अवयव आणि उंदीर

न्यूयॉर्कच्या बॅसेन आणि कॉर्न्झवाइग या डॉक्टरांनी १९५० मध्ये एका मुलीच्या आजाराची नोंद केली. दृष्टिपटल निकामी होत चाललेले, चालताना तोल जाणारा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी काटेरी दिसणाऱ्या. पुढे कळले, की अशा रुग्णांच्या रक्तात एलडीएल कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. या अबीटालायपोप्रोटीनेमियाचे मूळ सापडायला मात्र १९९२ साल उजाडले. आतडे आणि यकृत यांच्या पेशींत एमटीपी नावाचे प्रथिन असते. अपोबी हे मोठे प्रथिन तयार होत असतानाच त्यावर ट्रायग्लिसराइड चढवण्याची हमाली ते करते. हमाल गैरहजर असला की अपोबी पेशीतच मोडीत निघते, खाल्लेली चरबी आतड्याच्या अस्तरात अडकून पडते आणि तिच्याबरोबर प्रवास करणारे ई जीवनसत्त्व नसांपर्यंत व डोळ्यांपर्यंत पोचत नाही.

एवढे सगळे रुग्णांकडूनच समजले असेल, तर एमटीपीचे जनुक काढून टाकलेले नॉकआउट उंदीर हवेत कशाला, हा प्रश्न रास्त आहे. १९९८ मध्ये असे उंदीर करण्याचा पहिला प्रयत्न झाला, तेव्हा तर तो अधिकच टोकदार झाला. जनुकाच्या दोन्ही प्रती गेलेले पिल्लू जन्मालाच आले नाही. ते गर्भावस्थेतच दगावले. एकच प्रत शाबूत असलेल्या उंदरांचे कोलेस्टेरॉल घटले. माणसात नेमके उलट दिसते: हा आजार असलेले मूल जन्माला येते आणि एकेक सदोष प्रत बाळगणाऱ्या त्याच्या आईवडिलांचे रक्त सहसा सामान्य असते. म्हणजे प्रयोग फसला, असे म्हणून विषय संपवता आला असता. माझ्या मते खरी माहिती या विसंगतीतच होती. मेलेल्या गर्भांच्या पीतक कोशातील पेशी चरबीच्या थेंबांनी गच्च भरलेल्या होत्या. उंदराच्या गर्भाला सुरुवातीच्या दिवसांत मेद पुरवण्याचे काम हा कोश करतो, आणि त्याचे दारच बंद झाले होते. मेदवहनाचे हे काम गर्भातच सुरू होते, हे रुग्णाच्या रक्ततपासणीतून कधी उमगले नसते.

पुढची पायरी अधिक मोलाची. सगळ्या शरीरातून जनुक काढण्याऐवजी ते हव्या त्या अवयवातून, हव्या त्या वेळी काढण्याची युक्ती तोवर हाताशी आली होती. १९९९ मध्ये ते केवळ यकृतातून काढले गेले. अशा उंदरांच्या रक्तातील अपोबीच्या दोन रूपांपैकी अपोबी-१०० हे ९५ टक्क्यांहून अधिक घटले, अपोबी-४८ मात्र जेमतेम २० टक्के. इथे आक्षेपकांचा मुद्दा मान्य करायला हवा: उंदराचे यकृत अपोबी-४८ बनवते, माणसाचे बनवत नाही, ते काम आपल्याकडे आतड्याचे. शिवाय मेदांची अदलाबदल करणारे सीईटीपी हे दुसरे प्रथिन उंदरात निसर्गतःच नसते, त्यामुळे त्याचे बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच राहते. उंदराच्या रक्तातले आकडे उचलून माणसाला लावणे म्हणूनच चूक. पण इथे प्रश्न आकड्यांचा नव्हताच. रुग्णाचे आतडे आणि यकृत जन्मापासून एकदमच अधू असतात. कोणते लक्षण कुणामुळे, हे त्याच्याकडे पाहून ठरत नाही. पुढे फक्त आतड्यातून जनुक काढलेल्या उंदरांची वाढ खुंटली आणि विष्ठेतून चरबी जाऊ लागली, तेव्हा ही फोड झाली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी आज पुष्कळ काही सांगतात, पण पेशींच्या थराला ना जेवण असते, ना वजन.

या फोडीचे महत्त्व औषधाच्या निमित्ताने कळते. एमटीपी रोखणारे लोमिटापाइड हे औषध मूळ कंपनीने यकृतात चरबी साठते म्हणून बाजूला ठेवले आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडे सोपवले. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलच्या सर्वांत तीव्र प्रकारातील २९ रुग्णांवरच्या चाचणीत एलडीएल सुमारे निम्म्यावर आले. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेत परवानगी मिळाली, तीही यकृताबद्दलच्या ठळक इशाऱ्यासह. यकृतात चरबी साठते हे कळायला उंदीर लागले नाहीत, हे खरेच. मात्र ती चरबी किती घातक, यावर त्यांनी प्रकाश टाकला. यकृतातून एमटीपी काढलेल्या उंदरांच्या यकृतात चरबी होती, तरी मोठी इजा दिसत नव्हती. २००२ मध्ये त्यांना विषारी पदार्थ टोचले, तेव्हा तेच यकृत निरोगी यकृतापेक्षा जास्त होरपळले. लोमिटापाइड घेणाऱ्याला मद्य दिवसाला एका पेल्यापुरतेच ठेवा, असे सांगितले जाते, ते या निष्कर्षाशी जुळते.

मग यकृताला हात न लावता फक्त आतड्यातले एमटीपी रोखले तर? तसे औषधही झाले. डर्लोटापाइड प्रामुख्याने आतड्यात काम करते, भूक आणि वजन दोन्ही उतरवते. २००७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, लठ्ठ कुत्र्यांसाठी. माणसांनी ते घेऊ नये, असे त्यावर बजावलेले असे.