सणाच्या रात्रीं जागणारे

आपल्या पंचांगांत सणांना तोटा नाहीं. परंतु आश्विनाच्या प्रतिपदेपासून कार्तिकाच्या द्वितीयेपर्यंत सणांचें जें सत्र चालतें, त्याची सर दुसऱ्या कोणत्याहि काळास येत नाहीं. घट बसतात, आयुधांची पूजा होते, सोनें लुटलें जातें, कोजागरीचें दूध आटतें आणि पुढें पंधरवड्यानें दिवाळी येते. या दिवसांत घरचीं सर्व माणसें एके ठिकाणीं असावींत, एका पंगतीस बसावींत, अशी आपली इच्छा असते व ती योग्यच आहे. तथापि आपण सारे जमतों तें कोणी तरी आपल्या घरच्या पंगतीस मुकलेला असतो म्हणून, हा विचार आपल्या मनांत फारसा येत नाहीं. मुंबई-पुण्याचा मुलगा दिवाळीस घरीं पोंचतो तो कोणी तरी गाडी हांकलेली असते म्हणून; अंगणांत विजेची माळ लागते ती कोणी तरी वीजकेंद्रांत बसून राहिलेला असतो म्हणून. अशा माणसांचा सण कसा होतो, आणि त्या बाबतींत आपणां कुटुंबवत्सल लोकांचें कांहीं कर्तव्य आहे कीं नाहीं, याचा विचार येथें भोर व वेल्हें या दोन तालुक्यांच्या आधारानें करावयाचा आहे.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कुशींतले. हिरडस मावळ, रोहिड खोरें, गुंजण मावळ, कानद खोरें हीं त्यांचीं जुनीं नांवें इतिहासाच्या वाचकांस परिचित आहेत. भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. तें संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. वेल्ह्यांत राजगड व तोरणा हे दोन दुर्ग आहेत, आणि वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें २०२४ सालीं घेतला. या मुलुखांत आगगाडी नाहीं. कापूरहोळास सातारा रस्ता सोडून भोरकडे वळावें, किंवा नसरापूरजवळ चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे वळावें, आणि मग घाट चढत, ओढे ओलांडत गांव गांठावें. ज्याच्या घरीं स्वतःचें वाहन नाहीं, त्याची सारी भिस्त एस्. टी. वर असते.

एस्. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर या रस्त्यानें धांवली. तेव्हांपासून आजतागायत दिवाळी हा तिच्या नोकरांचा सर्वांत कष्टाचा काळ राहिलेला आहे. जादा गाड्या सोडाव्या लागतात आणि रजा देणें अवघड होतें. त्यांतहि डोंगरांतल्या मुक्कामाच्या गाडीची कथा निराळी. ही गाडी तिन्हीसांजेस शेवटच्या गांवीं जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तेथेंच निजतात, आणि पहांटे तीच गाडी गांवकऱ्यांना घेऊन तालुक्यास निघते. नरकचतुर्दशीची पहांट असली म्हणून ती निघाल्यावांचून कशी राहील? भाऊबीजेच्या दिवशीं तर हजारों भाऊ बहिणीच्या गांवास जावयाचे असतात. ज्या कंडक्टरानें या भावांना तिकिटें फाडून दिलीं, त्याची स्वतःची बहीण मात्र निरांजन लावून वाट पाहत असते.

ही सेवा किती मोलाची आहे, हें एकदां ती बंद पडल्यावर कळलें. १७ ऑक्टोबर २०१७ रोजीं, म्हणजे त्या वर्षींच्या धनत्रयोदशीस, वेतनवाढीसाठीं एस्. टी. कामगारांनीं संप पुकारला. लक्ष्मीपूजन गेलें, पाडवा उजाडला, तरी स्थानकें ओस होतीं. उच्च न्यायालयानें संप बेकायदेशीर ठरविल्यावर गाड्या पुन्हां रस्त्यावर आल्या. सणांत लोकांस वेठीस धरलें, असा पुष्कळांचा आक्षेप होता. प्रवाशांचे हाल झाले हें खरेंच. परंतु जो दर वर्षीं सणाला आपल्यासाठीं घराबाहेर राहतो, त्याच्या घरीं सण कशावर होतो, हा प्रश्न आपण त्यापूर्वीं कधीं विचारला होता काय?

दुसरें उदाहरण भाटघरचें. भोरजवळ वेळवंडी नदीवर १९२७-२८ च्या सुमारास पुरें झालेलें हें दगडी धरण पूर्वीं लॉइड धरण म्हणून ओळखलें जाई; त्याच्या जलाशयास आतां येसाजी कंक यांचें नांव आहे. सुमारें साडेतेवीस टी. एम. सी. पाणी येथें सांठतें आणि नीरेच्या कालव्यांनीं बारामती, इंदापूर, फलटण इकडच्या शेतांस मिळतें. पायथ्याशीं सोळा मेगावॅटचें वीजगृहहि आहे. आतां पर्जन्यकाळाचा क्रम पाहा. धरण भरत येतें तें बहुधा श्रावण-भाद्रपदांत, म्हणजे नेमकें नागपंचमीपासून गौरी-गणपतीपर्यंतच्या दिवसांत. घरोघर गौरी जेवतात तेव्हां येथील माणसें पाण्याची पातळी मोजीत असतात. पाऊस तिथि पाहून पडत नाहीं. गौरीपूजन आहे म्हणून पाण्याची नोंद उद्यांवर टाकतां येत नाहीं. नीरेकांठचीं गांवें निर्धास्तपणें आरत्या म्हणतात, त्यामागें हा पहारा असतो.

सण आणि काम यांचा हा विरोध यंत्रयुगानें आणला असें मात्र नव्हे. मावळांतल्या शेतकऱ्याची दिवाळी पूर्वींपासून कामांतच येत आली आहे. हळवें भात दसरा-दिवाळीच्या सुमारास पिकतें, गरवें त्यामागून येतें. पिकलेलें भात शेतांत उभें ठेवून चार दिवस लाडू-करंज्या खात बसण्याची सोय नसते. अवेळीं एक सर आली तर लोंबीचा दाणा चिखलांत जातो. पण या अडचणीवर आपल्या पूर्वजांनीं जो तोड काढला तो मनन करण्यासारखा आहे. त्याचें नांव इर्जिक. ज्याचें काम अडलें असेल त्याच्या शेतावर साऱ्या आळीनें जावयाचें, मजुरी म्हणून एक पैसा घ्यावयाचा नाहीं, भलरीच्या सुरावर दिवसभर काम उरकावयाचें आणि शेवटीं शेतधन्यानें सर्वांस पोटभर जेवूं घालावयाचें. उद्यां दुसऱ्याची पाळी. कामाचा दिवस तोच सणाचा दिवस होतो, कारण जे एकत्र राबले तेच एकत्र जेवतात. सोबतीचें काम व सोबतीचें जेवण या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे सण होतो, असें इर्जिकीनें आपणांस शिकविलें आहे.

तीच गोष्ट खंडेनवमीची. तलवारी गेल्या, तरी पूजा राहिली. सुतार पटाशी-रंधा मांडतो, शिंपी यंत्राला हळदकुंकू लावतो, एस्. टी. च्या आगारांत गाड्यांना झेंडूच्या माळा चढतात, शिरवळच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणीं कारखान्यांतील यंत्रांसमोर नारळ फुटतात. या पूजेचें वैशिष्ट्य असें कीं, ती घरांत होत नाहीं, कामाच्या जागीं होते. आणि तिचा प्रसाद भाऊबंदांना न वांटतां शेजारीं उभें राहून काम करणाऱ्याला वांटला जातो. त्या वेळीं कोण कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हें कोणी विचारीत नाहीं. एके काळीं सोवळ्याओंवळ्यापायीं आपल्या घरच्या पंगतींत जें साधलें नाहीं, तें या कामाच्या पंगतींत सहज साधून गेलें, हें आपण प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे.

कोजागरीचा अर्थ तर या विषयास फारच जुळतो. ‘को जागर्ति’, कोण जागा आहे, असें विचारीत लक्ष्मी मध्यरात्रीं फिरते, अशी आपली श्रद्धा. आपण गच्चीवर चंद्राच्या साक्षीनें मसाल्याचें दूध पीत जागतों व आपणांस पुण्य लागलें असें मानतों. परंतु त्या रात्रीं खरोखर जागे कोण असतात? रुग्णालयांतील परिचारिका, घाटांतला ड्रायव्हर, वीजगृहांतील कामगार, नाक्यावरचा पोलीस. लक्ष्मीचा प्रश्न ज्यांना उद्देशून आहे ते हेच, असें मानावयास काय हरकत आहे?

राजगडाहून राजधानी रायगडास गेली, त्या रायगडाची हिरकणीची दंतकथा आपण मुलांस सांगतों. तीहि कोजागरीचीच. दूध घालावयास आलेली गवळण, सांज होतांच दरवाजे बंद, घरीं तान्हें मूल, आणि कडा उतरून गेलेली माता. आईच्या धैर्याचें कौतुक करावें तेवढें थोडें. पण त्या कथेंत आणखी एक पात्र आहे, ज्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तो म्हणजे दरवाजावरचा पहारेकरी. त्याचेंहि घर गडाखालीं कोठें तरी असेल. त्याच्याहि दारीं दूध आटत असेल. हुकूम मोडून दरवाजा उघडणें त्याला शक्य नव्हतें आणि घरीं जाणेंहि शक्य नव्हतें. जगाचे दरवाजे राखणारे असे अनाम पहारेकरी प्रत्येक सणाला उभे असतात.

यावर उपाय काय? कायद्यानें कांहीं केलें आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना अधिनियमाप्रमाणें, ठराविक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीं वर्षांतून आठ पगारी सणसुट्या द्याव्या लागतात. पैकीं चार ठरलेल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर. उरलेल्या चार स्थानिक चालीप्रमाणें मालक-कामगारांनीं मिळून ठरवावयाच्या. त्या दिवशीं कामावर बोलाविल्यास दुप्पट वेतन व बदली रजा द्यावयाची आहे. १९६५ च्या बोनस कायद्यानें वार्षिक वेतनाच्या किमान ८.३३ टक्के, म्हणजे सुमारें एका महिन्याचा पगार, मिळण्याची तजवीज झाली, आणि तो बहुधा दिवाळीच्या तोंडावर हातीं येतो. इंग्लंडांत २५ डिसेंबरला जवळजवळ सर्व आगगाड्या बंद राहतात. रेल्वेच्या नोकरालाहि नाताळ घरीं मिळावा म्हणून सारें राष्ट्र एक दिवस प्रवास सोडतें. आपल्याकडे सणाचा अर्थच मुळीं घरीं परत जाणें हा असल्यामुळें तें जमण्यासारखें नाहीं. म्हणून आपला उपाय आपल्याच चालीरीतींतून शोधला पाहिजे.

पहिला उपाय आळीपाळीचा. बहुतेक कचेऱ्यांत नवा, तरुण किंवा अविवाहित असेल त्याच्या माथीं दर वर्षीं सणाची पाळी येते. ‘तुला काय, बायकामुलें थोडींच आहेत?’ असें म्हटलें जातें. त्याला आई आहे हें कोणी लक्षांत घेत नाहीं. पाळी आधीं ठरावी, लिहून ठेवावी आणि वडीलधाऱ्यांनीं आपली पाळी चुकवूं नये. अनेक ठिकाणीं मुसलमान सहकारी दिवाळीची पाळी आपण होऊन घेतो आणि हिंदु सहकारी ईदेची, नाताळासहि तसेंच. असा विनिमय जेथें चालतो तेथें व्याख्यानांचें काम उरत नाहीं.

दुसरा उपाय फराळाच्या डब्याचा. घरचा माणूस सणाला कामावर जात असेल तर त्याच्या डब्यांत त्याच्यापुरतें न देतां चौघांपुरतें द्यावें. चार घरच्या चार चकल्या एका कागदावर मांडल्या कीं त्या पाळीवर दिवाळी आली. आणि मुक्कामाची गाडी आपल्या गांवीं असेल तर ड्रायव्हर-कंडक्टरास पाडव्याच्या रात्रीं घरीं जेवावयास बोलवावें. अंगणांत ताट नेऊन देण्यापेक्षां पंगतींत पाट मांडावा. केवळ स्वतःसाठीं शिजविणारा पापच भक्षण करतो, असा इशारा गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत आहे, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील दानसूक्तानें एकट्या खाणाराला त्याहून सौम्य शब्द वापरलेले नाहींत. हीं वचनें आपणांस पाठ असतात. पाट मांडण्यापर्यंत तीं उतरलीं पाहिजेत.

तिसरा उपाय आपल्या अगदीं जवळचा, आणि म्हणूनच अवघड. सणाला राबणारे सारेच घराबाहेर असतात असें नाहीं. पहांटे तीनला उठून बंब पेटविणारी, सर्वांना तेल-उटणें देऊन स्वतः शेवटीं न्हाणारी, पुरुषांची पंगत, मुलांची पंगत उठल्यावर दुपारीं तीनला उरलें-सुरलें पानांत घेणारी सून हीहि पाळीवरच असते. आज तीच सून पुष्कळ घरांतून नोकरीहि करते. म्हणजे तिच्या पाळ्या दोन. तिला दुप्पट वेतन नाहीं, बदली रजाहि नाहीं. आम्हां शिक्षकांस तीन आठवड्यांची दिवाळीची सुटी मिळत आली. परंतु त्या सुटींत आमच्या घरच्या स्वयंपाकघरास एक दिवसाची तरी सुटी मिळाली काय, हा प्रश्न प्रत्येक कर्त्या पुरुषानें स्वतःस विचारण्यासारखा आहे. इर्जिकीचा नियम घरांतहि लागू केला तर सासवा, सुना, लेकी, मुलगे व नातू यांनीं मिळून चकल्या पाडाव्या आणि मिळूनच एका पंगतीस बसावें. वाढणारा कोणी तरी लागतोच, असें म्हणाल, तर या वर्षीं वाढावयास पुरुषांनीं उभें राहावें. कांहीं घरांतून हें सुरू झालेंहि आहे, आणि तेथील सणाचें मांगल्य उणें झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

येत्या कोजागरीस दुधाचें पातेलें खालीं उतरविल्यावर पहिला पेला घरांतील सर्वांत थकलेल्या माणसाच्या हातीं द्यावा, आणि एक तांब्या भरून जवळच्या नाक्यावर, स्थानकावर किंवा रुग्णालयांत जो कोणी जागा असेल त्याच्याकडे धाडावा. घरांतल्या मुलांनाच तो घेऊन पाठवावें, म्हणजे कोण जागा आहे या प्रश्नाचें उत्तर तीं प्रत्यक्ष पाहून येतील.